मदत हवी आहे : पूरनियंत्रणाच्या आराखड्यातील खर्चाची विभागणी कशी तपासावी?

आमच्या स्थानिक स्वराज्य संस्थेने पूरनियंत्रणाच्या कामांचा प्रारूप आराखडा हरकतींसाठी खुला केला असून, नागरिकांच्या एका छोट्या गटातर्फे त्यावर लेखी अभिप्राय देण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

आराखडा ‘शंभर वर्षांच्या पुरा’वर आधारलेला आहे. हा पूर शतकातून एकदाच येतो असा अनेकांचा समज दिसतो. प्रत्यक्षात कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का असते आणि 30 वर्षांच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. मात्र पावसाच्या तीव्रतेची आकडेवारी जुनी असेल, किंवा त्यानंतर झालेल्या काँक्रिटीकरणामुळे जमिनीत मुरणारे पाणी कमी झाले असेल, तर या गणिताला फारसा अर्थ उरत नाही. हे तपासण्यासाठी नेमकी कोणती कागदपत्रे मागवावीत?

दुसरा प्रश्न पैशांचा आहे. नाला रुंदीकरण, मोऱ्यांची पुनर्बांधणी आणि साठवण तलाव यांसाठी अनुदान व कर्जरोखे सुचवले आहेत. परंतु गाळ काढणे आणि पंपांची देखभाल यांसाठी दरवर्षी लागणारी तरतूद कुठेच दिसत नाही, आणि मला खरी मेख तिथेच वाटते. त्यासाठी फरसबंद क्षेत्रफळानुसार पर्जन्यजल शुल्क आकारणे मालमत्ता करापेक्षा न्याय्य ठरेल का? वरच्या भागातील बांधकामांचे पाणी खालच्या वस्तीत येत असेल, तर खर्चाचा वाटा कोणत्या निकषावर ठरवतात?

अशा आराखड्यांवर काम केलेल्या अभियंत्यांनी किंवा लेखापालांनी कृपया मार्गदर्शन करावे.