प्राणहिता नदीवरील कयाक प्रवासासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी पुण्यात राहतो. येत्या डिसेंबरमध्ये माझा एक जुना मित्र आणि मी चपराळ्याजवळच्या वर्धा-वैनगंगा संगमापासून, जिथून पुढे नदीला प्राणहिता म्हणतात, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते तिथपर्यंत कयाकने जाण्याच्या तयारीत आहोत. अंतर सुमारे ११३ किलोमीटर आहे. डावीकडे गडचिरोली जिल्हा, उजवीकडे तेलंगण. मेडीगड्डा बॅरेज, ज्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले, प्राणहिता-गोदावरी संगमाच्या खाली आहे, म्हणून सिरोंच्यालाच थांबायचे हे नक्की आहे.

मुख्य अडचण पाण्याची आहे. पावसाळ्यात गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगेबरोबर प्राणहिताही फुगते, त्यामुळे तो काळ आम्ही बाद केला. परंतु पाऊस सरल्यावर पात्रात वाळू उघडी पडून प्रवाह अनेक धारांत फुटतो, तेव्हा सामानाने भरलेली कयाक किती ठिकाणी ओढत न्यावी लागेल, याचा अंदाज आम्हाला येत नाही. अहेरीच्या खाली हिवाळ्यात मुख्य धार कोणत्या काठाला असते, हे कोणी पाहिले आहे का?

दुसरा प्रश्न कयाकचा. बल्लारशाहपर्यंत रेल्वेने नेता यावी म्हणून आम्ही हवा भरायची कयाक निवडली आणि पानशेतच्या जलाशयावर दोन दिवस सराव केला. रात्रीच्या थंडीने ती पहाटे इतकी मऊ पडली होती की अंगठा दाबला तरी खळगा पडत होता. तीच दुपारच्या उन्हात एवढी टणक झाली की झडपेतून हवा सोडावी लागली. दोघांनी एकाच कयाकमध्ये बसावे असे मित्राचे मत आहे. मला मात्र दोन स्वतंत्र कयाक हव्यात, कारण बुडालेल्या झाडाच्या फांदीने एक फाटली, तर निदान दुसरी घेऊन जवळचे गाव गाठता येईल. वाहत्या नदीचा अनुभव असलेल्यांनी याबाबत स्पष्ट मत द्यावे.

वाळूवर मुक्काम करण्यासाठी वन विभाग आणि पोलीस यांपैकी आधी कोणाकडे अर्ज करावा? तसेच त्या भागातील डोंगा चालवणारे एखादे ढीवर बांधव योग्य मजुरी घेऊन पहिले दोन दिवस सोबत येतील का? आम्हाला तेलुगू येत नाही, आणि नदीची वाट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?