पुरात बोट उलटली तर: पाण्यात काय करायचं, आणि गारठलेला माणूस बाहेर काढल्यावर काय?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडी भागात आम्हा पोरांचं बोटीचं पथक आहे. एक रबरी बोट, तिला ओबीएम (मागं बाहेरून लावायचं इंजिन), आणि लाईफ जॅकेट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की आम्ही सामान काढून ठेवतो. ४३ ला धोका पातळी, त्याच्या आत म्हातारीकोतारी आणि लहान पोरं बाहेर काढायची, एवढं ठरलेलं आहे.

बोट चालवायला शिकलोय. पण बोटच उलटली तर काय, यावर कुणी नीट बोलत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून माणसं बुडाली, ते सगळ्यांना माहीत आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आपलं पाणी काही बर्फाचं नाही, मग इथं हायपोथर्मिया, म्हणजे गारठून शरीराच्या आतलं तापमान घसरणं, होतो का? पाण्यात पडल्यावर बोटीला धरून राहायचं की काठ गाठायचा? आणि बाहेर काढल्यावर गावात शेकोटी, अंगाला तेल चोळणं, घोटभर ब्रँडी, उलटं धरून पोटातलं पाणी काढणं हे सगळं चालतं. यातलं बरोबर काय आणि चूक काय?

दोर_आणि_वल्हं

होतो. फक्त उशिरा होतो, म्हणून लक्षात येत नाही. शरीर ३७ अंशांवर असतं आणि पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता ओढून घेतं. बचावकामात वापरले जाणारे तक्ते सांगतात की २१ ते २७ अंशांच्या पाण्यात माणूस ३ ते १२ तासांत गळून जातो. १६ ते २१ अंशांत २ ते ७ तासांत. आपल्याकडं झाडाला धरून अख्खी रात्र काढायची वेळ येते, म्हणजे हे आकडे लांबचे नाहीत. छपरावर रात्रभर पावसात भिजलेला म्हातारा माणूस पाण्यात न पडताही गारठतो, वारा त्याला पुरेसा असतो.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी १-१०-१ असा नियम रुजवला. १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, १० मिनिटं हातपाय धड चालतात तोवर कामाची, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. हा हिशोब बर्फासारख्या पाण्याचा आहे. आपल्याकडं शेवटचा आकडा काही तासांवर जातो, पण पहिलं मिनिट आपल्यालाही सोडत नाही. पाणी २५ अंशांच्या खाली असेल तर अचानक पडल्यावर आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, नंतर धाप लागते. पाणी जितकं गार तितकं हे जोरात. त्या श्वासाला तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही संपतो. लाईफ जॅकेट त्या मिनिटासाठी असतं. बोट उलटल्यावर ते अंगात घालता येत नाही, बोटीत पाय ठेवायच्या आधी घालायचं.

जॅकेट घातल्यावर दुसऱ्यानं दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा. हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघणार. पट्टे आवळा, मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही लावा. लहान पोराला मोठ्याचं जॅकेट घालू नका, पोर खालून निसटतं.

आता काठ की बोट? बोट. उलटली तरी रबरी बोट तरंगते आणि लांबून दिसते. आधी डोकी मोजा. मग जमेल तितकं अंग बोटीच्या पालथ्या पोटावर चढवा, कारण पाण्याबाहेर असलेला प्रत्येक वीतभर भाग उष्णता वाचवतो. अंगावरचे कपडे काढू नका. वाहत्या पाण्यात बोटीच्या वरच्या अंगाला राहा, म्हणजे ज्या बाजूनं पाणी येतं तिकडं. खालच्या अंगाला राहिलात तर बोट आणि झाड यांच्यामध्ये चेंगरता. बोट सरळ झाडीवर किंवा तारेच्या कुंपणावर चालली असेल तर मात्र ती सोडा आणि तिरकं पोहत बाजूला व्हा. तेवढी सवड नसेल तर शेवटच्या क्षणी पोटावर या, डोकं पुढं करून त्यावर झेप घ्या आणि वर चढा. पाय पुढं ठेवून आत शिरलात तर पाणी तुम्हाला खाली दाबून अडकवतं.

बोट हातची सुटली तर उताणे व्हा, पाय पुढं, म्हणजे पाणी जातं त्या बाजूला, आणि पायांची बोटं पाण्याच्या वर. गुडघ्यापेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका. आपल्याकडं खाली ऊस असतो. पाऊल उसाच्या बुडख्यात किंवा तारेत अडकलं की प्रवाह अंगाला पुढं लोटतो आणि तोंड पाण्यात जातं.

गुडघे छातीशी, कोपरं बरगड्यांना घट्ट, हात गळ्याशी अशी बसकी स्थिती पुस्तकांत दाखवतात. ती चांगली आहे, पण फक्त थांबलेल्या पाण्यात आणि जॅकेट असेल तरच. राधानगरी, काळम्मावाडी धरणांच्या बॅकवॉटरला उपयोगी. तिथं तिघं-चौघं असाल तर छातीला छाती लावून गोल करा आणि पोरांना मधे घ्या.

भूलतज्ज्ञ_राजारामपुरी

बाहेर काढल्यानंतरचं मी लिहिते.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. ३५ ते ३२ सौम्य: माणूस कुडकुडतो, बोलतो, पण बोटं ऐकत नाहीत. ३२ ते २८ मध्यम: बरळतो, झोप येते म्हणतो, कुडकुडणं कमी होत थांबतं. २८ च्या खाली तीव्र. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असं घरचे समजतात. अंग कोरडं आणि ऊबदार झालेलं नसताना ते थांबलं, तर ती सगळ्यात वाईट खूण आहे.

बोटीतली साधी परीक्षा: त्याच हाताचा अंगठा करंगळीला लावायला सांगा. जमत नसेल तर गारठा हातात उतरलाय. नाव-गाव विचारा, अडखळत उत्तर आलं तर मध्यम धरा. घरच्या थर्मामीटरवर विसंबू नका. जुना पाऱ्याचा ३५ च्या खाली दाखवतच नाही, आणि डिजिटल बहुतेक ३२ च्या खाली नुसतं ‘लो’ दाखवतो. भिजलेल्या काखेतला आकडा तर कशाचाच नाही.

आता उचलणं. बराच वेळ पाण्यात असलेल्या माणसाच्या अंगावर चहूबाजूंनी पाण्याचा दाब असतो, तो रक्तदाब सावरून धरतो. काखेत हात घालून उभा ओढला की दाब एकदम सुटतो, रक्त पायांकडं उतरतं आणि गार पडलेलं हृदय ते झेपवू शकत नाही. ‘बोटीत घेईपर्यंत बोलत होता आणि मग गेला’ असं ऐकू येतं, त्याची ही एक वाट आहे. म्हणून आडवा काढा, आडवाच ठेवा, हळू हलवा. तोंड पाण्याखाली जात असेल तर मात्र हे सगळं बाजूला. जसा येईल तसा पण लगेच काढा.

काठावर आला म्हणून चालवू नका. सौम्य गारठ्यातही कोरडं करून, गुंडाळून, निदान ३० मिनिटं आडवा किंवा बसवून ठेवा. हातापायांतलं गार रक्त चालण्यानं आत परततं आणि आतलं तापमान आणखी घसरतं. तेल चोळणं, हातपाय रगडणं याच कारणासाठी बंद. दारूनं कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, माणसाला गरम वाटतं आणि तो जास्त वेगानं गार पडतो. शिवाय साखर उतरते. शेकोटीजवळ बसवलं की बधिर कातडी भाजते आणि त्याला कळतही नाही.

पोटातलं पाणी काढायला उलटं धरणं, पोट दाबणं, घागरीवर पालथं टाकणं हे कृपा करून थांबवा. पोटातलं पाणी जीव घेत नाही, फुप्फुसाला हवा न मिळणं घेतं. पोट दाबलं की उलटी श्वासनलिकेत जाते, आणि जी मिनिटं श्वास द्यायची ती त्यात जातात.

श्वास नसेल तर: उताणा, कपाळ मागं, हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडानं ५ श्वास. प्रत्येकाला छाती वर आलेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, पुन्हा २ श्वास. असंच चालू ठेवा. खूप गारठलेल्याची नाडी फार मंद असते, म्हणून जिवंतपणाच्या खुणा पूर्ण १ मिनिटापर्यंत बघा. पण नुकताच बुडालेला आणि श्वास नसलेला असेल तर वाट बघू नका.

आपल्या जिल्ह्यापुरती एक सूचना. छाती दाबून श्वास देण्याच्या या कामाला सीपीआर म्हणतात, पण वॉकीटॉकीवर ‘सीपीआर करा’ म्हणू नका. कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपला थोरला दवाखाना, ऐकणारा गाडी काढायला पळतो. ‘छाती दाबा, श्वास द्या’ असंच म्हणा.

१९९९ साली नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोम १३.७ अंशांपर्यंत गार होऊन वाचल्या, ते उदाहरण नेहमी पुढं येतं. त्या बर्फाखालच्या पाण्यात होत्या. तिथं हवेचा कप्पा सापडल्यानं काही वेळ श्वास चालू राहिला, आणि मेंदू ऑक्सिजन संपायच्या आधी गार झाला. आपल्या पाण्यात मेंदू तितक्या वेगानं गार होत नाही. इथं पहिल्या काही मिनिटांतले श्वासच कामाचे.

खोळ_घोंगडं

डॉक्टर म्हणतात तसं आडवं काढायला रबरी बोटीत वेगळं सामान लागत नाही. साधारण दोन मीटर बाय दीड मीटरची ताडपत्री घ्या. तिची लांब कड बोटीच्या बाजूच्या दोरीला तीन ठिकाणी बांधा, दुसरी कड दोघांच्या हातात. मधली झोळी पाण्यात सोडून माणूस बोटीला समांतर आत घ्या आणि ओढा. तो लोळत लोळत नळीवरून, म्हणजे बोटीच्या फुगवलेल्या कडेवरून, आत येतो. ओढणारे दोघंच, बाकीचे विरुद्ध बाजूच्या नळीवर. सगळे एका बाजूला धावले की दुसऱ्यांदा उलटता. आणि इंजिन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद. पंख्यात उसाचा पाला अडकला असेल तरी बंद करूनच, इंजिन वर उचलून काढा.

गुंडाळण्याचा क्रम असा: ओले कपडे कात्रीनं कापा, हात उचलून सदरा काढत बसू नका. टिपून कोरडं करा, पुसताना रगडू नका. खाली काहीतरी जाड, मग घोंगडं डोक्यासकट, तोंड तेवढं उघडं, आणि सगळ्यात बाहेर प्लॅस्टिकची खोळ. पळत्या बोटीत वारा लागतो तो खोळीनं अडतो, नुसत्या घोंगड्यातून आरपार जातो. कपडे बदलायला आडोसा नसेल तर खोळ आधी ओल्या कपड्यांवरूनच घाला, काठावर आल्यावर बाकीचं. घोंगडं मात्र लोकरीचंच घ्या. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते, सुती चादर भिजली की धरत नाही.

ऊब द्यायची ती धडाला. १ लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी, मनगटावर आतून सोसेल इतपतच, बाटलीवर पंचा गुंडाळून. दोन काखांत, एक छातीवर. हातापायांना नको.

पंचगंगाकाठ

डॉक्टर, ताडपत्री आणि खोळीचं सामान उद्याच बांधतो. एक राहिलं. शुद्धीवर असलेल्याला गोड चहा चालतो का? आणि मधुमेहाच्या आज्या असतात, त्यांना साखर कशी द्यायची?

भूलतज्ज्ञ_राजारामपुरी

पूर्ण शुद्धीवर असेल, स्वतः कप धरत असेल, ठसका न लागता गिळत असेल तर द्या. कपाला ३-४ चमचे साखर किंवा गुळाचं पाणी, कोमट, घोटाघोटानं. कुडकुडायला स्नायूंना साखरच लागते. ती संपली की कुडकुडणं थांबतं. बरळणाऱ्याला किंवा पेंगणाऱ्याला तोंडानं काहीही नको.

मधुमेहाच्या आजींनाही द्या. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन आठ-दहा तास उपाशी छपरावर बसल्या असतील तर त्यांची साखर उतरलेली असण्याचीच भीती जास्त. गार बोटातल्या थेंबावर ग्लुकोमीटर चुकतो, त्या आकड्यावर अडून बसू नका. औषधाचं पाकीट मात्र सोबत पाठवा, आणि १०८ ला फोन करताना चार गोष्टी सांगा: किती वेळ पाण्यात, डोकं बुडालं होतं का, कुडकुडणं चालू आहे की थांबलं, आणि गाडी कोणत्या रस्त्यानं कुठपर्यंत येऊ शकते. पुरात चौथी गोष्ट सांगायची राहते आणि गाडी पाण्याच्या पलीकडच्या बाजूला येऊन थांबते.