आर्मीतून निघालेला ४x४ ट्रक बर्फात न्यायचाय, कोल्हापुरातूनच काय काय करून निघावं?

उद्यमनगर_२४व्होल्ट
लिलावातला स्टॅलियन (अशोक लेलँडचा आर्मी ट्रक) ४x४ आहे. एमएच-०९ पासिंग झालंय, ऑलिव्ह ग्रीन रंगही बदललाय (सिव्हिल गाडीला तो नियम १२१ प्रमाणे चालत नाही). टायर आर्मीचेच, मोठ्या गट्टूंचे (रबराच्या जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे), मागे-पुढे सिंगल. जानेवारीत मनाली, अटल बोगदा, सिस्सू, केलाँग असा बेत आहे. चारही चाकं ओढतात, मागे डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं कुलूप) आहे. मग टायरवर गुंडाळायच्या बर्फाच्या चेन लागतातच का? आणि डिझेल, बॅटरी, ब्रेकचं इथे काय करून घ्यावं?

आंबा_घाट_दुसरा_गियर
चेन लागतातच. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी चढते, थांबताना त्याचा उपयोग नाही. ताशी ३० वरून थांबायला कोरड्या डांबरावर ५ मीटर लागतात, दाबून बसलेल्या बर्फावर १८ आणि ओल्या काचेसारख्या बर्फावर ३५. हे सपाटीवर. सहा टक्के उतार आला की तेच ३५ चे ८८ होतात. दहा टक्के उतारावर ब्रेक दाबून धरला तरी गाडी थांबतच नाही, कारण उताराची ओढ आणि टायरची पकड सारखीच होते. आपल्या घाटात पावसात गाडी घसरली तरी कुठेतरी पकड परत मिळते. बर्फावर ती मिळेल असं धरून चालू नका.

बर्फ सगळ्यात निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर आलेला असताना. उणे १५ ला तो बरा. म्हणून दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठणारा रस्ता सर्वांत वाईट. पूल, कायम सावलीतली वळणं आणि नाल्याचं पाणी रस्त्यावरून जातं ती जागा, इथे डांबर नुसतं ओलं दिसतं पण असतो बर्फ.

उतार सुरू व्हायच्या आधी लो रेंज (४x४ चा हळू, जास्त ताकदीचा गियर), पुढचा अॅक्सल लावलेला आणि दुसरा गियर. उतारात क्लच दाबायचा नाही. एक्झॉस्ट ब्रेकचा (धुराची वाट अडवून इंजिनाने गाडी रोखणारा) स्विच बंद ठेवा. त्याचा झटका बसून चाकं लॉक होतात आणि मागची बाजू बाहेर निघते. ब्रेक हलका, एकसारखा. चाक लॉक झालं की सोडा, फिरायला लागलं की पुन्हा हलका. पंप करत बसलात तर एअर ब्रेकच्या टाकीतली हवा संपते. डिफ लॉक फक्त सरळ रस्त्यावर, अडकल्यावर. आडव्या उतारावर तो लावला की मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि ट्रक दरीकडे सरकतो.

शिरोली_फिटर
टायरबद्दल थोडं. गट्टू चिखलासाठी असतात. बर्फाला धरायला रबर मऊ आणि त्यावर बारीक चिरा लागतात, इथे दोन्ही नाहीत. साइडवॉलवरचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. जुनं, कडक झालेलं रबर काढून टाका.

चेन चारही चाकांना. फक्त मागे लावल्या तर स्टिअरिंग ऐकत नाही, फक्त पुढे लावल्या तर उतारात मागची बाजू वळून पुढे येते. इथेच लावून बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या बाजूला ब्रेक होज (हवेची नळी) आणि ब्रेक चेंबरपासून चेन किती लांब राहते ते हात घालून तपासा. आडव्या साखळ्यांच्या हुकांची उघडी टोकं बाहेर ठेवा, नाहीतर ती टायर खातात. लावल्यावर अर्धा किलोमीटर चालवून पुन्हा ताणा. वेग ३० च्या आत.

रिकामा ट्रक नेऊ नका. मागच्या अॅक्सलवर ५० किलोची वाळूची ३० पोती, जाड बेल्टने घट्ट बांधून. अडकल्यावर चाकाखाली टाकायलाही हीच वाळू.

रंकाळा_डिझेल
डिझेल इथून भरून नेऊ नका. आयएस १४६० प्रमाणे उन्हाळी डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याखाली ते वाहत नाही ते तापमान) १५ अंशांपर्यंत, हिवाळी डिझेलचा ३ अंशांपर्यंत असू शकतो. थंडीत डिझेलमधलं मेण आधी फिल्टरमध्ये धरतं, मग इंजिन भुकेनं बंद पडतं. टाकी कमी करत जा आणि वर स्थानिक पंपावर भरा. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंश पोअर पॉइंटचं विंटर डिझेल लडाखसाठी आणलं, तसं मिळालं तर उत्तम. रॉकेल मिसळू नका, पंपाचं वंगण जातं आणि ते बेकायदाही आहे. दोन डिझेल फिल्टर जवळ ठेवा.

कूलंट इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, म्हणजे उणे ३७ पर्यंत गोठत नाही. इथे रंकाळ्यावरच्या थंडीत नुसत्या पाण्यावरही भागतं, म्हणून ही चूक तिथे जाईपर्यंत कळत नाही. इंजिन ऑइल १५डब्ल्यू४० ऐवजी थंडीत पातळ राहणारं ५डब्ल्यू४०.

बॅटरी दोन, १२-१२ ची सिरीज, बदलायच्या तर दोन्ही एकदम. म्युझिक सिस्टीम एकाच बॅटरीवरून घेतली असेल तर ती वायर काढा, एक बॅटरी कायम अर्धी राहते. हायड्रोमीटरवर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) १.२६५ असलेली उणे ५० लाही गोठत नाही, १.१२ वर आलेली उणे १० च्या आसपास गोठून फुटते.

उद्यमनगर_२४व्होल्ट
भावांनो, मोठा उपकार. एअर ब्रेकचं राहिलं. आणि चेन इथेच वेल्ड करून घेतल्या तर?

शिरोली_फिटर
साध्या एमएस (माइल्ड स्टील) कड्यांची नको. बोगद्याआधीच्या कोरड्या डांबरावर कडी झिजते आणि तुटलेलं टोक ब्रेक होज कापतं. हार्डन केलेल्या अलॉय स्टीलचीच घ्या. अटल बोगदा ९ किलोमीटर कोरडा आहे, त्याआधी चेन काढा आणि पुढचा अॅक्सलही सोडा. कोरड्यावर तो लावून ठेवला तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारा गियरबॉक्स) ताण येऊन लिव्हर सुटत नाही. उत्तर तोंडाला वेग आधीच कमी करा, बाहेर पडल्या पडल्या बर्फ असतो.

एअर ड्रायरचं (ब्रेकच्या हवेतलं पाणी काढणारा) कार्ट्रिज इथेच नवीन बसवा. रोज मुक्कामाला पोचल्यावर, सगळं गरम असतानाच, प्रत्येक टाकीचा ड्रेन कॉक उघडा. दुधासारखं पांढरं पाणी आलं तर कॉम्प्रेसर ऑइल टाकतोय, तो निघण्याआधी खोला. टाकीत स्पिरिट ओतायचं नाही, वॉल्व्हची रबरं जातात. ट्रक लावण्याआधी शेवटचे दोन-तीनशे मीटर ब्रेक हलका दाबून लायनर (ड्रमला घासणारी ब्रेकची पट्टी) सुकवा, मग सपाट जागा, गियरमध्ये आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. पार्किंग ब्रेक ओढून ठेवला तर सकाळी लायनर ड्रमला चिकटलेला असतो, आणि तो जोर लावून सोडवताना हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) जातो.