'प्रेषक बदला' म्हणजे नेमका कोणता प्रेषक?

रेवा_क: पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची कार्यपुस्तिका मराठीत करते आहे. क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेल 'रूट@सर्व्हर१.लोकल' या पत्त्याने बाहेर जातात आणि पलीकडचा सर्व्हर नाकारतो. उपाय म्हणून 'प्रेषक बदला' लिहिलं, तर संपादक विचारतात, कुठला? एन्व्हलपमधला की हेडरमधला?

दौत: पहिला लखोट्यावरचा, दुसरा पत्रातला. लखोटा अस्सल आपला, लाखेची मोहोर लावायचे म्हणून.

खटपट्या: लाखेचा पुरावा द्या, मग बोलू. 'लिफाफा' अरबी आहे हे तरी ठाऊक आहे. पाकीट म्हणा, सगळ्यांना कळतं.

पोस्टमन_२५: शब्द काहीही घ्या, दोन ठेवा. खोटा प्रेषक पकडणाऱ्या दोन तपासण्या आहेत: एसपीएफ पाकिटावरचा पत्ता तपासतं, डीमार्क पत्रातल्या फ्रॉमचं डोमेन धरून बसतं. नुसतं पाकीट बदलून डीमार्क पास होत नाही. मिळालेल्या मेलचा मूळ मजकूर उघडा: रिटर्न-पाथ म्हणजे पाकीट, फ्रॉम म्हणजे पत्र.

रेवा_क: मग पत्ते बदलण्याचा पोस्टफिक्सचा तक्ता कुठला सांगू, सेंडर कॅनॉनिकल की जेनेरिक?

पोस्टमन_२५: कॅनॉनिकल हा मेल पाठवणीच्या रांगेत शिरण्याआधी लागतो, त्यामुळे घरच्या घरी फिरणाऱ्या मेललाही. जेनेरिक फक्त एसएमटीपीने (मेल पोचवण्याच्या प्रोटोकॉलने) बाहेर पडताना, पण तो घेणाऱ्याचे पत्तेही बदलतो. आणि ओपनडीकेआयएमची, म्हणजे मेल वाटेत बदललेली नाही हे दाखवणारी डिजिटल सही रांगेआधीच झालेली असते. जेनेरिकने नंतर फ्रॉम बदलला की सही मोडली.

मोडी_लिपी: 'सही मोडली' कसलं मराठी? सही 'अवैध ठरली'. आणि हेडरला 'शीर्षलेख' हा शब्द असताना...

खटपट्या: रात्री दोन वाजता लॉग वाचणाऱ्याला शीर्षलेख सांगून बघा. 'हेडर' शोधला की निदान सापडतो तरी.

पोस्टमन_२५: आणखी एक. दुसऱ्या मशीनवरून, समजा स्कॅनरकडून, मेल आली तर कॅनॉनिकलने पाकीट बदलतं आणि फ्रॉम तसाच राहतो. 'लोकल हेडर रीराइट क्लायंट्स' या सेटिंगमध्ये परमिट मायनेटवर्क्स (आपल्या नेटवर्कमधली मशीनं) घाला. हॅश प्रकारचा तक्ता बदलला की पोस्टमॅप ही आज्ञा चालवायची, नाहीतर जुनाच वाचला जातो. पत्ता कसा बदलेल ते 'पोस्टमॅप -क्यू'ने आधी विचारून घ्या.

दौत: 'रीराइट'ला पुनर्लेखन नको हं. पत्ता खोडून दुसरा घालतात, त्याला 'पालटणे' बरं.

मोडी_लिपी: पालटणे अकर्मकही आहे. दिवस पालटतात.

दौत: कूस पालटतात ती सकर्मकच की!