मदत हवी आहे: स्थिर कॅमेऱ्याच्या हॉरर गेममध्ये उंबरा ओलांडला की पात्र उलटं पळतं

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरजवळच्या खेड्यातला. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात घडणारा छोटा हॉरर गेम गोडॉट या गेम इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बनवतोय आणि एका जागी अडकलोय.

कॅमेरा मुद्दाम स्थिर ठेवलाय, १९९६च्या पहिल्या 'रेसिडेंट इव्हिल' गेमसारखा. तिथे मागची दृश्यं म्हणजे आधीच रेंडर केलेली, म्हणजे संगणकावर तयार करून ठेवलेली सपाट चित्रं, थ्रीडी फक्त पात्रं आणि काही वस्तू. कॅमेरा हलवायची सोयच नव्हती, पण भीती तिथूनच आली. कोपऱ्यापलीकडून झोंबीचा आवाज येतोय आणि कॅमेरा मात्र आपल्याच तोंडावर! आमच्या घरातही ओट्यावरून मधल्या घरातली फक्त चूल दिसते, कणग्यांमागचं काही नाही. लहानपणी लाईट गेली की मी तिथे पाणी प्यायलाही जात नसे. गेममध्ये मला तेच हवंय, म्हणून 'रेसिडेंट इव्हिल ४'सारखा खांद्यामागे कॅमेरा लाव, हा सल्ला कृपया नको.

अडचण अशी: बाणाच्या कळा स्क्रीनच्या हिशोबाने चालतात. ओट्यावरचा कॅमेरा बाहेरून दाराकडे बघतो, मधल्या घरातला आतून दाराकडे. 'वर' दाबून उंबरा ओलांडला की कॅमेरा बदलतो, 'वर' म्हणजे आता परत दार, आणि पात्र गर्रकन फिरून बाहेर. बाहेर पहिला कॅमेरा, की पुन्हा आत. कळ सोडेपर्यंत हेच चालतं. धाकट्या भावाला खेळायला दिलं तर तो म्हणाला, "भाऊ, हाऊ मांगे काबर पयना?" (हा मागे का पळाला?)

टँक कंट्रोल लावून पाहिले, म्हणजे 'वर' दाबलं की पात्राचं तोंड असेल तिकडे. उलटं पळणं थांबलं, पण पात्र कॅमेऱ्याकडे येत असताना भाऊ डावं-उजवं चुकतो. 'रेसिडेंट इव्हिल'च्या २०१५च्या एचडी आवृत्तीत दोन्ही पद्धती दिल्यात, तसं शेवटी करीनच.

सध्या कळ सोडेपर्यंत जुन्या कॅमेऱ्याचीच दिशा धरून ठेवतोय. सरळ चालताना झकास. पण 'वर' दाबून धरलेलं असताना कुणी 'डावं'ही दाबलं, तर ते डावं कुठल्या कॅमेऱ्याचं धरायचं? जुन्याचं धरलं तर चुकल्यासारखं वाटतं, नव्याचं धरलं तर पात्र तिरकं भिंतीत जातं.

दुसरं, उंबऱ्यावर थांबलं की कॅमेरे लुकलुकतात. दोन्हींच्या हद्दी एकमेकींवर चढवल्या की थांबतं, पण जास्त चढवल्या तर पात्र चित्राबाहेर जातं. तुम्ही किती पावलं ठेवता?

कुणी असा गेम केला असेल तर सांगा. स्क्रिप्ट लागली तर इथेच टाकतो.