मदत हवी आहे: हायस्कूलच्या फुटबॉल संघाची बातमी कशी छापून आणावी आणि देणगी कोणत्या खात्यात घ्यावी?

डिचोलीकर पालक

नमस्कार. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील आमच्या हायस्कूलचा फुटबॉल संघ तालुका पातळीवर विजेता ठरला असून आता त्याला पुढच्या फेरीसाठी जायचे आहे. संघाकडे धड साहित्य नाही, बसची सोय नाही आणि हे यश गावात बहुतेकांना ठाऊकही नाही. दोन वर्तमानपत्रांना व्हॉट्सअ‍ॅपवरून कळवले, तेव्हा एकात काहीच आले नाही आणि दुसऱ्यात सत्कार समारंभाला आलेल्या पाहुण्यांची नावे क्रमाने छापून आली, संघाचे मात्र ‘विद्यार्थी उपस्थित होते’ एवढ्यावर भागवले. शाळेचे काही माजी विद्यार्थी परदेशातून पैसे पाठवायला तयार आहेत आणि त्यांना खाते क्रमांक आजच हवा आहे. तेव्हा बातमी कशी द्यावी आणि पैसे कोणत्या खात्यात घ्यावेत, एवढेच जाणकारांनी सांगावे. ‘आमदारांना भेटा’ हा सल्ला कृपया देऊ नये, ते करून झाले आहे.

निवृत्त क्रीडाशिक्षक

अभिनंदन. परंतु आपण निम्मी माहिती आपल्याकडेच ठेवली आहे. संघ कोणत्या वयोगटाचा आहे? स्पर्धा क्रीडा खात्याची आंतरशालेय आहे की सुब्रतो चषकाची, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरील फुटबॉल स्पर्धेची? दोन्हींचे वयोगट वेगळे असतात आणि त्याप्रमाणे जन्मदाखल्यांची छाननीही वेगळी होते. शाळा सरकारी आहे की अनुदानित? संघाबरोबर शिक्षक कोण जाणार आहे, आणि हा सगळा पत्रव्यवहार आपण पालक म्हणून करीत आहात की शाळेने आपल्याला तसे सांगितले आहे? शेवटचा प्रश्न आपल्याला खटकेल, पण पैशांचे उत्तर त्याच्यावरच अवलंबून आहे.

फातोर्ड्याचा प्रेक्षक

डिचोली तालुका म्हटल्यावर मला वेगळेच वाटते. खाणी चालू होत्या तेव्हा त्या पट्ट्यातल्या कित्येक संघांना बस, चेंडू आणि चहापाणी खाणवाल्यांकडून मिळत असे, आणि कोणालाही खाते क्रमांक विचारावा लागत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या आणि हा आधारही तुटला. माझे मत असे आहे की आपण जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे अर्ज करावा. खाणपट्ट्यातल्या लोकांसाठीच तो निधी आहे आणि त्यावर आपल्या मुलांचा हक्क आहे.

सत्तरीचा वाटसरू

खनिज प्रतिष्ठानाचा अर्ज मंजूर होईपर्यंत ही मुले दहावी उत्तीर्ण होऊन आयटीआयला गेलेली असतील. धागाकर्त्यांना आज उत्तर हवे आहे. सोपा मार्ग सांगतो. एका विश्वासू पालकाचा गूगल पेचा क्रमांक द्यावा, आलेल्या पैशांचा हिशेब व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावा आणि मोकळे व्हावे. आमच्या गावातल्या जत्रेची वर्गणी अशीच जमते आणि आजवर एका रुपयाचीही कुरकुर झालेली नाही.

शिवोलीचा शेखर

हायस्कूलचा संघ आज आहे, उद्या नाही. मुलगा खरोखर गुणी असेल तर त्याला शाळेत अडकवून न ठेवता अकादमीच्या निवड चाचणीला न्यावे. सेझा फुटबॉल अकादमी १९९९ पासून आपल्याच भागात आहे, एफसी गोवा या व्यावसायिक क्लबचे युवा संघ आहेत. माझ्या भाच्याला आम्ही बाराव्या वर्षीच चाचणीला नेले होते. चाचणीच्या आदल्या दिवशी त्याला पोटभर जेवायला घालू नका, एवढे लक्षात ठेवा.

डिचोलीकर पालक

शेखरबाब, मी अकादमीबद्दल विचारलेले नाही. क्रीडाशिक्षक सरांच्या प्रश्नांची उत्तरे देतो. संघ सतरा वर्षांखालील मुलींचा आहे, स्पर्धा सुब्रतोची आहे, शाळा अनुदानित आहे. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक बरोबर जाणार आहेत. मुख्याध्यापिकांनी ‘पालकांनी पुढाकार घ्यावा’ असे तोंडी सांगितले आहे. बातमी आणि खाते या दोन्ही गोष्टींशी मुले की मुली याचा संबंध नाही असे वाटल्याने ते लिहिले नव्हते.

बाणावलीची सून

संबंध नाही कसा, दादा? आपली खरी बातमी तीच आहे! सासष्टीत भातकापणी झाली की शेतात गोलपोस्ट उभे राहतात आणि मुलगे अंधार पडेपर्यंत खेळतात, त्याचे कोणाला काही वाटत नाही. डिचोलीच्या हायस्कुलातल्या मुलींनी सुब्रतोत तालुका जिंकणे ही मात्र थांबून वाचावी अशी गोष्ट आहे. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने मडगावच्या फातोर्डा मैदानावर झाले, ते पाहायला मी मुलीला घेऊन गेले होते. तिने परत आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, की आमच्या शाळेत मुलींचा संघ का नाही.

आता कामाचे सांगते, कारण हे पुरुषमंडळींच्या यादीत येत नाही. सामन्याला जाण्याआधी मुलींच्या कानांतल्या रिंगा, बांगड्या आणि गळ्यातल्या साखळ्या घरीच काढून ठेवायला सांगा. खेळाच्या नियमांत दागिन्यांना मनाई आहे आणि वरून चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही. आमच्या एका सामन्यात नुकतेच कान टोचलेली मुलगी मैदानाच्या कडेला उभी होती, पंच हात पुढे करून थांबले होते, आणि तिची आई साबणाच्या पाण्याने रिंग फिरवत होती. ती आत गेली तेव्हा आमच्यावर एक गोल होऊन चुकला होता. दुसरे म्हणजे कपडे बदलायला बंद खोली आहे का, हे संयोजकांना आधीच फोन करून विचारा. तिसरे, परतीची बस किती वाजता सुटणार हे आयांना लेखी कळवा. मुली संघातून गळतात त्या बहुतेक वेळा खेळ जमत नाही म्हणून नव्हे, घरी पोचायला उशीर होतो म्हणून.

निवृत्त क्रीडाशिक्षक

ताईंशी पूर्ण सहमत. साहित्याबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. पैसे आले की सर्वांत आधी जर्सी शिवल्या जातात, कारण पाठीवर देणगीदाराचे नाव घालता येते, आणि ते नाव शाळेच्या नावापेक्षा मोठे असते. पायाच्या नडगीला लावायचे शिनगार्ड मात्र कोणी देत नाही, कारण ते मोज्याच्या आत असतात आणि फोटोत दिसत नाहीत. शिनगार्ड नियमाने बंधनकारक आहेत. ते नसतील तर मुलीला मैदानात उतरता येणार नाही, मग जर्सी कितीही सुंदर असो. आधी प्रत्येकीच्या मापाचे शिनगार्ड घ्या. त्यानंतर पाच नंबरचे चांगले चेंडू घ्या, म्हणजे ज्यांचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम भरते असे. स्वस्त रबरी चेंडूवर सराव केलेल्या मुलींना सामन्याचा चेंडू डोक्याने घ्यायची भीती वाटते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. गोलरक्षक मुलीची जर्सी दोन्ही संघांपेक्षा वेगळ्या रंगाची हवी. आणि बुटांसाठी सगळ्यांना एकदम दुकानात नेऊ नका, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना माप घ्या.

आकडेमोड

मी सनदी लेखापाल आहे, तेव्हा खात्याच्या प्रश्नाकडे वळतो. वाटसरूंचा सल्ला जत्रेला चालत असेल, इथे चालणार नाही. आपण लिहिले आहे की पैसे परदेशातून येणार आहेत. पाठवणाऱ्यांचे पासपोर्ट कोणत्या देशाचे आहेत?

डिचोलीकर पालक

दोघे दुबईत आहेत, एक मस्कतला आहे आणि दोघे इंग्लंडमध्ये स्विंडनला आहेत. सगळे आमच्याच गावचे, इथेच शिकलेले. पासपोर्टचा काय संबंध?

आकडेमोड

गोव्यात सर्वांत जास्त संबंध त्याचाच येतो. आखातातील मंडळी भारतीय पासपोर्टवर गेलेली असणार. भारतीय नागरिकाने परदेशातल्या आपल्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेला पैसा कायद्याने विदेशी अंशदान (परदेशी देणगी) ठरत नाही, त्यामुळे तो शाळेच्या संस्थेला निःशंकपणे घेता येईल. त्यांच्या पासपोर्टची प्रत मात्र फायलीत ठेवावी.

स्विंडनचे दोघे बहुधा लिस्बनला जन्मनोंद करून (पोर्तुगीज काळातल्या गोवेकरांच्या वंशजांना ती करता येते) पोर्तुगीज पासपोर्टवर गेले असावेत. तसे असेल तर ते भारताचे नागरिक राहिलेले नाहीत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) हातात असले तरी विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० यानुसार ते विदेशी स्रोत ठरतात, आणि त्यांची देणगी घ्यायला संस्थेकडे केंद्रीय गृहखात्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच उतरावा लागतो. हायस्कूल चालवणाऱ्या लहान संस्थेकडे हे असण्याची शक्यता कमी. ती मंडळी मनाने आपलीच आहेत, पण कायदा पासपोर्ट पाहतो.

सत्तरीचा वाटसरू

मग स्विंडनच्या भावाने पैसे न पाठवता बूट आणि चेंडू पाठवावेत. वस्तूला कोण विचारतो?

आकडेमोड

तोच कायदा विचारतो. संस्थेला दिलेली वस्तूही अंशदानाच्या व्याख्येत येते, आणि त्याने गोव्यात सुट्टीवर येऊन रुपयांत पैसे दिले तरी स्रोत बदलत नाही. एखाद्या पालकाच्या वैयक्तिक खात्यात घेऊन ते पुढे शाळेसाठी खर्च करणे हा तर सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण उद्या चौकशी झाली तर नोटीस त्या पालकाच्या नावाने येईल.

धागाकर्त्यांनी पुढीलप्रमाणे करावे असे मी सुचवेन. पालक-शिक्षक संघाच्या नव्हे, तर शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत शिक्षण संस्थेच्या खात्यात पैसे घ्यावेत, व्यवस्थापनाने तसा लेखी ठराव करावा, वहीत ‘फुटबॉल’ असे स्वतंत्र खाते मांडावे आणि प्रत्येकाला पावती द्यावी. कोणी करसवलत मागितली तर संस्थेकडे आयकर खात्याची, ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता आहे का, हे आधी पाहावे, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख रकमेवर ती मिळत नाही हेही सांगून टाकावे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत खेळाचे प्रशिक्षण बसते, पण त्यासाठी संस्थेची केंद्राच्या कंपनी व्यवहार खात्याकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. तो पुढच्या वर्षाचा विचार झाला, या बसभाड्याचा नव्हे.

फातोर्ड्याचा प्रेक्षक

एवढे कायदे १९८३ साली असते तर गोव्याने बंगालबरोबर राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेचा संतोष चषक वाटून घेतलाच नसता! त्या काळात ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये उभे राहिले की प्रेक्षक निर्धास्त होत. त्यांना पद्मश्री मिळायला २०२२ साल उजाडले. त्या पिढीला कोणी शिनगार्डचे माप घेऊन दिले नव्हते. आजच्या मुलांना सगळे हातात हवे असते.

बाणावलीची सून

प्रेक्षकबाब, मुलांना नव्हे, मुलींना. आणि त्या हातात काही मागत नाहीत, नियमाने लागते तेवढेच मागत आहेत. शंखवाळकरांवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

डेस्कवरचा माणूस

मी काही वर्षे एका मराठी दैनिकाच्या क्रीडा पानावर काम केले आहे. आपली बातमी का आली नाही हे मला इथे बसूनही सांगता येईल. ‘आमच्या शाळेचे घवघवीत यश’ असा मजकूर आणि त्याखाली हार घातलेल्या व्यक्तींचा फोटो आला, तर उपसंपादकाकडे छापण्यासारखी नावे पाहुण्यांचीच उरतात.

अंतिम सामन्याचा निकाल, प्रतिस्पर्धी शाळा, मैदान, तारीख, गोल कोणी व कितव्या मिनिटाला केले, निर्णायक बचाव कोणी केला, कर्णधार कोण, प्रशिक्षक कोण, एवढे पहिल्या दोन वाक्यांत यायला हवे. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला द्यावा, हस्तलिखिताचा फोटो नको. संघाचा फोटो आडवा असावा आणि नावे डावीकडून उजवीकडे, उभ्या आणि बसलेल्या रांगेप्रमाणे लिहावीत. सामना संपल्यावर त्याच संध्याकाळी सहा-साडेसहाच्या आत पाठवावे. पणजीच्या मुख्य कचेरीऐवजी आधी आपल्या तालुक्याच्या वार्ताहराला गाठावे, कारण गावची बातमी लावून धरणारा तोच असतो. सत्कार झाला तर त्याची बातमी वेगळी द्यावी, सामन्याच्या बातमीत मिसळू नये.

मुली अल्पवयीन आहेत, तेव्हा नाव आणि फोटो देण्यासाठी पालकांची लेखी संमती शाळेने घ्यावी. घरचा पत्ता आणि वाडा लिहू नये.

शिवोलीचा शेखर

आज वर्तमानपत्र कोण वाचतो? इन्स्टाग्रामवर गोलची रील टाकावी, एका रात्रीत दहा हजार लोक पाहतील.

डेस्कवरचा माणूस

पाहतील आणि पुढे सरकतील. पंचायतीत मैदान मागायला जाताना पंचांच्या टेबलावर कात्रण ठेवता येते, रील ठेवता येत नाही. दोन्ही करा, मला काही वावडे नाही, पण आधी कात्रण.

निवृत्त क्रीडाशिक्षक

मैदानावरून आठवले. सराव नेमका कुठे होतो, हे धागाकर्त्यांनी अजून सांगितलेले नाही. पावसात जांभ्याच्या खडीवर घसरून गुडघे फुटत असतील, तर निधीतला पहिला खर्च बसवर नव्हे, प्रथमोपचाराच्या पेटीवर व्हायला हवा.

डिचोलीकर पालक

सर्वांचे आभार. सराव शाळेमागच्या जागेत होतो. तिथे खडीच आहे आणि एका गोलपोस्टला जाळी नाही. स्विंडनच्या मंडळींना आज फोन केला. दोघांचेही पासपोर्ट पोर्तुगीज आहेत. कायदा समजावल्यावर त्यातला एक थोडा रागावला, दुसऱ्याने गावातल्या आपल्या शाळासोबत्यांना फोन करून वर्गणीसाठी उठवण्याचे कबूल केले आहे. आखातातील तिघांचे पैसे संस्थेच्या खात्यात घ्यायचे ठरले असून उद्या ठरावासाठी मुख्याध्यापिकांकडे जाणार आहे. शिनगार्डची मापे माझी मुलगी आणि तिची कर्णधार घेत आहेत. तालुका वार्ताहराचा क्रमांक मिळाला, मात्र अंतिम सामन्यातल्या दुसऱ्या गोलाचे मिनिट कोणालाच आठवत नाही. पंचांच्या अहवालात ते लिहिलेले असते का, आणि तो अहवाल पालकाला मिळतो का?

निवृत्त क्रीडाशिक्षक

सामन्याच्या अहवालात गोलांची नोंद करण्याची पद्धत आहे. पालकाने मागू नये, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी शाळेच्या पत्रावर संयोजकांकडे मागावा. आणि ती जाळी म्हापशाच्या बाजारात मिळेल. मासेमारीची घेऊ नका, तिच्यातून चेंडू आरपार जाणार नाही हे खरे, पण मुलींच्या बुटांचे स्टड तिच्यात अडकतात.