आईची शुगर ४८०च्या वर, डॉक्टर सोमवारी येणार, तोवर थांबू का? (कळवा, ठाणे)

घाईत लिहितेय, समजून घ्या. मी ऐरोलीला असते, आई (वय ६७) कळव्याला एकटी. १४ वर्षं डायबेटीस, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू, मागची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.८ होती. तर झालंय असं की मंगळवारी तिच्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं, आज फाईल बघितली तर ते स्टिरॉइडचं होतं, त्याने शुगर वाढते हे तिथे कोणीच सांगितलं नाही. आणि त्याच्याही आधीपासून, म्हणजे पंधरा दिवस, कोणीतरी दिलेलं चूर्ण सुरू करून गोळ्या बंदच केल्यात तिने. मला आज कळतंय हे!

सकाळी फोन आला की मशीनवर आकडा येत नाही, नुसतं एच आणि आय अशी दोन अक्षरं येतायत. मला वाटलं सेल गेले असतील. मशीनसोबतची पुस्तिका वाचायला लावली तर त्याचा अर्थ ६००च्या वर. तशीच रिक्षा पकडून निघाले, विटाव्याच्या पुलाखाली अर्धा तास अडकले, जीव नुसता खालीवर. घरी आल्यावर बघते तर टेबलावर चिकूची सालं. बोटाला गोड लागलेलं असलं तर रीडिंग खोटं वाढतं हे माहीत होतं, म्हणून साबणाने हात धुवून, नीट पुसून दुसऱ्या बोटातून परत घेतलं. ४८२. दहा मिनिटांनी ४९५.

रात्रीत सहा वेळा बाथरूमला गेली, उशाशी तांब्या असतो तो चार वेळा भरला म्हणे. जीभ इतकी कोरडी की बोलताना टाळूला चिकटतेय. ताप नाही, उलटी नाही. पण दुपारपासून गुंगीत आहे, काही विचारलं की उत्तर बरोबर देते पण फार उशिरा.

आमचे डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. कंपाउंडर म्हणतो दोन्ही गोळ्या डबल द्या. माझ्या फ्रीजमध्ये सासऱ्यांचं इन्सुलिन पेन आहे, पण दुसऱ्याचा डोस अंदाजाने द्यायला हात धजत नाही, आणि गोळ्याही अजून दिलेल्या नाहीत. महापालिकेचं शिवाजी महाराज हॉस्पिटल जवळ आहे, शनिवारी संध्याकाळी कॅज्युअल्टीत फिजिशियन असतात का? प्लीज लवकर सांगा.

अपडेट, रात्री ११: ज्यांनी ज्यांनी "थांबू नकोस, आत्ता उचल" लिहिलं त्यांचे खूप आभार, लगेच नेलं. लॅबमध्ये ५११ आली. लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळली की तयार होणारे आम्ल पदार्थ) नाहीत, पण अंगातलं पाणी खूप कमी झालंय, आणि या वयात एवढ्या शुगरला गुंगी आली तर एक रात्रही घरी काढायची नाही असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. आधी सलाईन, मग इन्सुलिन हळूहळू, इन्सुलिनने पोटॅशियम उतरतं म्हणून तेही परत परत तपासतायत. आता ३१०, मघाशी डोळे उघडून मला जेवलीस का विचारलं.

एकच विचारायचंय. दुसऱ्या गुडघ्याचं इंजेक्शन पुढच्या महिन्यात ठरलंय. ते रद्दच करायचं का, की शुगर ताब्यात आणून, रोज तपासत कोणी घेतलंय? गुडघ्याने तिला जिना उतरवत नाही हेही खरंय.